डोकं हरवलेल्या प्राण्यांचा मुलूख

डोंगरगावच्या डायनासोरला डोकं नाही. मागचे पाय नाहीत, पंजेही नाहीत. मणके आहेत, बरगड्या आहेत, कमरेची हाडं आहेत, खांद्याचं पातं आहे आणि पुढच्या पायाचं जवळजवळ दीड मीटर लांबीचं दंडाचं हाड आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात जीवाश्मशास्त्रज्ञ सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांना हा सांगाडा मिळाला. आज तो इसिसॉरस कोल्बर्टाय या नावानं जगभर ओळखला जातो. मुलांच्या पुस्तकांत आणि इंटरनेटवर त्याची चित्रं सहज सापडतात. प्रत्येक चित्रात त्याला चेहरा असतो: लांबट थोबाड, शांत डोळे, कधी तोंडात पाल्याचा घास. हा चेहरा कुणीही पाहिलेला नाही. सांगाड्यासोबत कवटीही मिळालेली नाही.

डेन्मार्कमध्ये याच्या बरोबर उलटं घडलं. मे १९५० मध्ये सिल्कबोर्गजवळच्या दलदलीत दोघे भाऊ जळणासाठी पीट कापत होते. पीट म्हणजे हजारो वर्षं साचत गेलेल्या शेवाळाचा काळपट थर. वाळवला की चुलीत जळतो. कापता कापता खाली माणसाचा चेहरा निघाला. कपाळावरच्या आठ्या, मिटलेल्या पापण्या, हनुवटीवरचे दाढीचे खुंट, सगळं जागच्या जागी. ताजा खून समजून पोलिसांना बोलावलं गेलं. गळ्यात चामड्याचा वळलेला फास होता, म्हणजे मारलेला माणूस होता हे खरंच. मात्र मरून सुमारे २४०० वर्षं झाली होती. हाच तो टोलुंडचा माणूस. त्या काळी अख्खा देह टिकवण्याचं तंत्र हाताशी नव्हतं, म्हणून मुख्यतः डोकं जतन केलं आणि बाकीचा देह वाळून गेला. सिल्कबोर्गच्या संग्रहालयात आज जो पूर्ण माणूस निजलेला दिसतो, त्याचं डोकं खरं आहे आणि धड नंतर घडवलेलं आहे.

तिकडे खरं डोकं आणि घडवलेलं धड, इकडे खरं धड आणि कल्पनेतलं डोकं. हा फरक मातीच्या रसायनातून येतो. स्फॅग्नम शेवाळाची दलदल थंड, आम्लधर्मी आणि प्राणवायूविना असते. कुजवणारे जंतू तिथं तग धरत नाहीत आणि कातडी चामडं कमावल्यासारखी पक्की होते. पण तेच आम्ल हाडातला चुना विरघळवून टाकतं. काही मृतदेहांत हाडं इतकी मऊ पडलेली असतात, की वरच्या मातीच्या वजनानं कवटी चेपून जाते. डोंगरगावच्या मातीनं अगदी दुसरा सौदा केला. गाळाखाली झटकन गाडलं गेलं आणि भोवती चुन्याचा अंश भरपूर असला, तर मांस-कातडी कितीही लवकर गेली तरी हाड शिल्लक राहतं, हळूहळू त्यात खनिजं भरतात आणि त्याचा दगड होतो. चंद्रपूर-गडचिरोलीत गेली पावणेदोनशे वर्षं जो काही शोध चालला, तो अशा दगड झालेल्या हाडांचा. आणि या साऱ्या काळात खऱ्याखुऱ्या चेहऱ्याची गाठ पडली ती जवळजवळ पहिल्याच फेरीत.

ती गाठ पडली एका पाद्र्याला. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आला, तेव्हा तिथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यानं मराठी शिकून घेतली, शाळा काढली. पुढं त्याच्याच नावानं हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर त्याच्या जोडीला आला. धर्मप्रसारासाठी आलेली ही जोडी दगडांच्या नादी कशी लागली हे नागपूरच्या भोवतालची जमीन पाहिली की उमगतं. दख्खनच्या काळ्या पत्थराच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ दाबला गेलेला आहे, आणि त्या गाळात शिंपले, फळं, बिया, हाडं. १८५१ मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना असे अवशेष मिळाले आणि मग थांबणं शक्यच नव्हतं. फिरती करायचीच, तर वाटेतला दगड फोडून पाहायचा, असा खाक्या पडला.

नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर वर्धेच्या खोऱ्यात मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या दगडात या दोघांना एक कवटी मिळाली. चपटी, रुंद, आखूड, डोळ्यांच्या खोबणी पुढच्या बाजूला सरकलेल्या. कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेनसमोर आली. 'डायनासोर' हा शब्द जगाला देणारा तो हाच ओवेन. त्यानं १८५५ मध्ये तिचं वर्णन छापलं आणि प्राण्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं, म्हणजे साधारण 'आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा'. हा डायनासोर नव्हे. पाण्यात दबा धरून बसणारा, आजच्या बेडूक-सॅलमँडरांच्या दूरच्या नात्यातला उभयचर. वय सुमारे २५ कोटी वर्षं. इथं गंमत अशी, की या प्राण्याचं धड कुणाला मिळालं नाही. डोकं तेवढं मिळालं. विदर्भातल्या जीवाश्मांच्या इतिहासात हा अपवादच म्हणायचा. यानंतर जी मोठी जनावरं निघाली, ती जवळजवळ सगळी बिनडोक्याची.

हिस्लॉपची नजर आणखी दक्षिणेला, प्राणहितेच्या काठी सिरोंच्याकडेही गेली. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. नदीकाठच्या कोटा या गावातल्या चुनखडीत माशांचे ठसे आहेत, ही बातमी १८४१ पासूनच इंग्रज डॉक्टरांच्या पत्रांतून फिरत होती. कर्नल साइक्सनं त्यातल्या एका माशाबद्दल लेख छापला. मासे इतके नीट उमटलेले, की खवल्यांची रांग मोजता यावी. त्या गावामुळं पुढं अख्ख्या खडकथराचं नावच 'कोटा' पडलं. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाचं एक लहानसं गाव. पण ज्युरासिक काळाबद्दल बोलणारा जगातला कुठलाही भूवैज्ञानिक हे नाव ऐकून असतो. सिरोंचा तालुक्यातल्या पुष्कळ शाळकरी मुलांना ते ठाऊक नसेल, याचं मला नवल वाटत नाही, वाईट मात्र वाटतं.

हिस्लॉपची कथा इथंच थांबत नाही, कारण त्याला माणसांच्याही हाडांत रस होता. नागपूर ते चंद्रपूर पट्ट्यात शिळावर्तुळं आहेत: मोठमोठे धोंडे गोल मांडलेले, मध्ये दगड-मातीचा ढीग आणि त्याखाली लोहयुगातल्या माणसांची दफनं. ४ सप्टेंबर १८६३ ला मध्यप्रांताचा कारभारी रिचर्ड टेंपल याच्यासोबत टाकळघाटची अशी वर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना हिस्लॉप पुरानं फुगलेल्या ओढ्यात बुडाला. वय ४५. टेंपलनं त्याचे कागद गोळा करून १८६६ मध्ये छापले. त्यात गोंडी लिंगोची गाथा आहे. ती हिस्लॉपनं गाथा सांगणाऱ्या परधानाकडून ऐकून उतरवून घेतली होती. माणसाच्या हाडापेक्षा माणसाचं गाणं अधिक टिकाऊ ठरलं, निदान त्याच्या बाबतीत.

कारण विदर्भातल्या शिळावर्तुळांमध्ये माणसं फार वाईट अवस्थेत मिळतात. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन, वरून धोंड्यांचं वजन. कवट्यांचे तुकडे होतात. नागपूरजवळच्या माहुरझरीला १९७० ते १९७२ या काळात शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन केलं. माणसांच्या जोडीला घोडे पुरलेले मिळाले. घोड्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार निघाले, लोखंडी कडियाळी निघाली. म्हणजे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी विदर्भातला घोडा थाटात निघाला की त्याचं तोंड कसं दिसायचं, हे आपण बऱ्यापैकी सांगू शकतो. त्याच्या मालकाचं तोंड कसं होतं, ते नाही सांगता येत. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर भागातल्या हिरापूरलाही त्या जुन्या लोकांची दगडी शिळागृहं उभी आहेत. उभे धोंडे, वर आडवी शिळा. घर शिल्लक, घरधनी बेपत्ता.

माणसाचा चेहरा कवटीवरून घडवण्याची विद्या मात्र आता पुष्कळ पुढं गेली आहे. ती कशी चालते हे थोडं जवळून पाहायला हवं, म्हणजे डायनासोरच्या बाबतीत कुठं अडतं ते कळेल. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या रिचर्ड नीव्ह यांची पद्धत अशी: कवटीचा साचा काढायचा, त्यावर ठरावीक जागी खुंट्या रोवायच्या. कपाळाला इतके मिलिमीटर, गालफडाला इतके, हनुवटीला इतके. ही मापं आजच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून घेतलेली असतात. मग एकेक स्नायू मातीनं बसवायचा. चावण्याचा स्नायू कवटीवर कुठं चिकटला होता, याची खूण हाडावरच असते. शेवटी खुंट्यांच्या उंचीपर्यंत कातडी चढवायची. नाकाचं हाड, दातांची ठेवण, डोळ्यांची खोबण यावरून बराच अंदाज येतो. पण नाकाचा शेंडा, ओठांची जाडी, कानांचा आकार याबद्दल कवटी फारसं बोलत नाही. केस आणि रंग याबद्दल तर काहीच नाही.

नेदरलँड्सच्या ड्रेंथ प्रांतात १८९७ मध्ये दलदलीतून निघालेली ईड गावची मुलगी नीव्ह यांनीच पुन्हा उभी केली. सोळाच्या आसपासचं वय, पाठीचा कणा वाकलेला, गळ्याभोवती लोकरीची पट्टी आवळलेली. दलदलीनं तिचं तोंड आक्रसून काळं करून टाकलं होतं. तिची कवटी स्कॅन करून, चेपलेले भाग सरळ करून मग चेहरा घडवावा लागला. दलदलीत चेहरा टिकतो, पण तो सदैव त्या माणसाचाच राहतो असं नाही. जर्मनीतल्या विंडबीला १९५२ मध्ये मिळालेला देह कितीतरी वर्षं 'विंडबीची मुलगी' म्हणून प्रसिद्ध होता, तिच्याभोवती व्यभिचाराच्या शिक्षेची करुण कथाही रचली गेली. पुढच्या तपासात तो कोवळा मुलगा निघाला. कातडी-केसांसकट हाती आलेल्या देहाबद्दल जर ही फसगत होत असेल, तर नुसत्या मणक्यांबद्दल बोलताना जीभ किती आवरती घ्यायला हवी!

आपल्याकडे हा प्रयोग राखीगढीच्या हडप्पाकालीन दफनभूमीतल्या माणसांवर झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली ते उत्खनन झालं होतं. तिथल्या ३७ सांगाड्यांपैकी दोन कवट्यांच्या स्कॅनवरून कोरियातल्या तज्ज्ञांच्या मदतीनं चेहरे तयार केले गेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तमिळनाडूत कीळडीजवळच्या कोंडगईच्या दफनांतल्या कवट्यांवरून लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेनं घडवलेले चेहरे २०२५ मध्ये लोकांसमोर आले. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर वाद झाला तो नेमका रंगावरून आणि नाकावरून. आमचे की त्यांचे, गोरे की सावळे. म्हणजे कवटीनं जे सांगितलंच नव्हतं, त्यावरून. कवटीनं जे सांगितलं होतं, त्याबद्दल कुणी भांडलं नाही.

आता पुन्हा प्राणहितेच्या काठी येऊ. प्रशांतचंद्र महालनोबिस हे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर काय करत होते, असं विचारणं साहजिक आहे. महालनोबिसांना विज्ञानाची कुठलीच शाखा परकी वाटत नसे, आणि त्या सुमारास जे. बी. एस. हाल्डेन यांच्यासारखा जीवशास्त्रज्ञही त्यांच्या संस्थेत आला होता. १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पामेला रॉबिन्सन यांना त्यांनी बोलावून घेतलं. रॉबिन्सन आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली तरुण मंडळी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात उतरली. हिस्लॉपनं ज्या खडकांची ओळख करून दिली होती, तेच खडक.

नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, पोचमपल्ली गावाजवळ १९६०-६१ मध्ये त्यांना हाडांचा खच मिळाला. थोडीथोडकी नव्हे, सुमारे ३०० हाडं, निदान सहा प्राण्यांची, आणि त्यांच्यासोबत दगड झालेले झाडांचे प्रचंड बुंधे. ते पहिलं मोठं वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं होतं. म्हणून १९७५ मध्ये नाव देताना प्राण्याचं नाव बारापासॉरस टागोराय ठेवलं गेलं. बंगालीत 'बडो पा', म्हणजे मोठा पाय. नाव देणाऱ्यांत सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधुरी आणि शंकर चटर्जी होते. १९७७ मध्ये सांगाडा कोलकात्यात संस्थेच्या संग्रहालयात उभा राहिला. भारतात उभारलेला डायनासोरचा हा पहिला सांगाडा, लांबी सुमारे १४ मीटर.

या ३०० हाडांत कवटी नव्हती. काही दात मिळाले, बस्स. उभ्या सांगाड्याला जे डोकं आहे, ते घडवलेलं.

काय झालं असावं, याचा पुढं अभ्यास झाला. कळप महापुरात सापडला, देह कुजत-फुगत वाहिले, झाडांच्या ओंडक्यांसोबत एका वळणावर अडकले. लांब मानेच्या या शाकाहारी डायनासोरांचं डोकं देहाच्या मानानं फार लहान, हाडं पातळ, आणि मानेशी सांधा नाजूक. कुजायला लागलं की सर्वांत आधी गळून पडतं ते डोकंच. हलकं असल्यानं पाण्याबरोबर पुढं निघून जातं किंवा आपटून त्याचा चुरा होतो. पाठीचे अवजड मणके मात्र जागीच बसतात. त्याच खडकथरातला दुसरा डायनासोर, यामनपल्लीचा कोटासॉरस, १९८८ मध्ये पी. यादगिरी यांनी जाहीर केला. निदान बारा प्राण्यांची हाडं मिळाली, सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. बारा प्राणी आणि एकही कवटी नाही, दोन दात. गडचिरोलीतल्या कोटा गावाचं नाव लावणारा हा प्राणीही बिनचेहऱ्याचाच निघाला. नदीच्या अलीकडे, सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला वन विभागानं जीवाश्म उद्यान केलं आहे. तिथं दगड झालेली खोडं जमिनीत पडलेली पाहिली, की पोचमपल्लीला हाडांशेजारी मिळालेल्या बुंध्यांची कल्पना करायला फार ताण पडत नाही.

डोंगरगावचा प्राणी या दोघांहून दहाएक कोटी वर्षांनी धाकटा. दख्खनचा लाव्हा उसळायच्या सुमाराचा, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या पर्वातला. डोंगरगावची हाडं निघत होती, तेव्हा भूवैज्ञानिक धनंजय मोहबे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. याच दिवसांत गुजरातेत त्यांनी डायनासोरची घरटी आणि अंडी शोधली होती, आणि तिथल्या एका दगडात अंड्यांजवळ काही नाजूक मणके होते. ते पिल्लाचे समजले गेले. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जेफ विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि ते मणके सापाचे असल्याचं ओळखलं. घरट्यात पिल्लांची वाट पाहत वेटोळं घालून बसलेला साप! २०१० मध्ये तो सनाजेह इंडिकस या नावानं जाहीर झाला. हे इथं सांगायचं कारण असं, की या क्षेत्रात दगड बदलत नाही, डोळा बदलतो; कपाटातला जुना दगड सोळा-सतरा वर्षांनी निराळंच काही सांगू लागतो.

डोंगरगावच्या हाडांवर सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी काम केलं. १९९७ मध्ये अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ एडविन कोल्बर्ट यांच्या नावानं त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय म्हटलं गेलं. पुढं विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी २००३ मध्ये तो टायटॅनोसॉरस या प्रजातीत बसत नाही, असं दाखवून त्याला सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून इसिसॉरस हे नाव दिलं. मान त्याच्या भाऊबंदांपेक्षा आखूड, पुढचे पाय उंच. म्हणून चित्रकार त्याची पाठ मागे उतरती काढतात. पण थांबा. मागचे पाय मिळालेलेच नाहीत! उतार किती, हे पुढच्या पायांची लांबी आणि नातलग प्राण्यांचे मागचे पाय यांची बेरीज करून काढलेलं अनुमान आहे. अनुमान वाईट नव्हे. त्यावाचून विज्ञान पाऊल टाकू शकत नाही. पण चित्राखाली ते लिहिलेलं नसतं.

आणि तोंड? ते उसनं आहे. मादागास्करमध्ये रापेटोसॉरस नावाचा याच घराण्यातला डायनासोर कवटीसकट मिळाला आणि २००१ मध्ये जाहीर झाला. लांबट थोबाड, नाकपुड्या डोळ्यांच्या जवळ सरकलेल्या, पेन्सिलीसारखे बारीक दात. भारत आणि मादागास्कर सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना चिकटलेले होते. म्हणून डोंगरगावच्या प्राण्याला मादागास्करच्या चुलत्याचं तोंड बसवणं अगदीच निराधार नाही. तरी ते चुलत्याचंच.

मग या जनावराबद्दल बऱ्यापैकी सांगता येईल असं काही आहे का? आहे, आणि ते तोंडाइतकंच जवळचं आहे: त्याच्या पोटात काय गेलं ते. डोंगरगावपासून जवळच, वरोरा तालुक्यात पिसदुरा हे गाव आहे. हाडांसाठी ते हिस्लॉपच्या काळापासून प्रसिद्ध. इंग्रज भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी तिथली विष्ठा अभ्यासली. हो, विष्ठाच. दगड झालेले शेणगोळे पिसदुऱ्याच्या शेतांत पसरलेले असत. मॅटलींनी १९३९ मध्ये त्यांचे आकारानुसार प्रकार पाडले. मोठे गोळे हातात घेतले तर वजनदार, तपकिरी, बाहेरून गुळगुळीत, काहींवर आतड्याच्या वळ्या उमटलेल्या. लांब मानेच्या डायनासोरांची हाडं आजूबाजूलाच मिळतात, म्हणून सर्वांत मोठे गोळे त्यांचे मानले जातात.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, स्वीडिश संशोधक कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी हे गोळे विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वनस्पती आपल्या पेशींत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे सूक्ष्म कण साठवतात; झाड कुजतं, कण राहतात आणि कणाच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. नोव्हेंबर २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: ताड, सूचिपर्णी वृक्ष यांच्यासोबत निदान पाच प्रकारची गवतं. तोवर गवत हे डायनासोर संपल्यानंतर फोफावलं, असा समज होता. डायनासोरच्या जंगलाचं चित्र काढताना पायाखाली गवत काढायचं नाही, हा नियमच होता. पिसदुऱ्याच्या शेणानं तो मोडला. २०११ मध्ये त्याच मंडळींनी पुढचा पुरावा दिला: त्या गवतांत भाताच्या कुळातलं गवतही होतं.

भाताच्या कुळातलं, म्हणजे आजचा भात नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाही तर उद्या कुणीतरी डायनासोर एचएमटी खायचे अशी बातमी करेल. पण योगायोग लोभस आहे. याच जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळी लोंबी हेरून, वर्षानुवर्षं निवडून एचएमटी तांदूळ उभा केला. धानाच्या बांध्यांचा हा मुलूख आहे, आणि या कुळाचा जगातला फार जुना ठावठिकाणा इथल्याच शेणात मिळाला.

टोलुंडच्या माणसाच्या पोटातही शेवटचं जेवण टिकलं होतं. सातू, जवस, रानटी बिया यांची लापशी. २०२१ च्या तपासात त्यात मासळीचाही अंश दिसला. जेवणानंतर बारा ते चोवीस तासांत तो मेला. त्याच्याबद्दल आपल्याला तोंड आणि जेवण दोन्ही माहीत. पिसदुऱ्याच्या प्राण्याचं जेवण तेवढं माहीत. माझ्या मते पहिल्याचं महत्त्व अवास्तव वाढलंय आणि दुसऱ्याचं कुणाच्या लक्षात नाही. चेहरा पाहिला की आपल्याला ओळख पटल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात पिसदुऱ्याच्या एका शेणगोळ्यानं सृष्टीच्या इतिहासात जितकी दुरुस्ती केली, तितकी दलदलीतल्या कुठल्याही चेहऱ्यानं केलेली नाही.

चंद्रपूरला सुरेश चोपणे यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षं खडक आणि जीवाश्म गोळा करत, लोकांना दाखवत आले आहेत. वडधमचं उद्यान आहे. उद्या वरोऱ्याला किंवा पिसदुऱ्यालाही काही होईल अशी आशा करू. होईल तेव्हा आणखी एक राखाडी सिमेंटचा, दात विचकणारा डायनासोर दारात उभा करू नये. मिळालेली हाडं एका रंगात, अंदाजानं घडवलेली दुसऱ्या रंगात दाखवावीत. जगातल्या कित्येक संग्रहालयांत तसं करतात. डोंगरगावच्या प्राण्याच्या डोक्याची जागा रिकामी ठेवली तरी चालेल. मुलं त्या रिकाम्या जागेबद्दल प्रश्न विचारतील, आणि गाइडला उत्तर देता आलं पाहिजे.

आणि वरोरा, भद्रावती, सिरोंचा भागातल्या वाचकांना एक विनंती. नांगरताना, विहीर खोदताना, नाल्याच्या दरडीत दगडासारखं जड, पण आत जाळीदार दिसणारं हाड मिळालं, तर ते घरी नेऊ नका, फोडू नका, शोभेला ठेवू नका. जागेवरच राहू द्या, शेजारी हात ठेवून मोबाइलवर फोटो काढा, जागेची खूण करा आणि वन विभागाला किंवा नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथं कळवा. मोठं हाड कुणाच्याही नजरेत भरतं. तळहातावर मावणारा, पातळ, दातांची खाच असलेला तुकडा दिसला, तर तो जास्त जपा. डोंगरगावच्या प्राण्याच्या तोंडाचा एकही तुकडा अजून कुणाला मिळालेला नाही.